शिरसाटकाकांचे चार प्रिंटर

गेल्या वर्षी मी आमच्या सोसायटीचा प्रिंटर कायमचा दुरुस्त केला. ही माझी चूक.

माणूस चुकतो तेव्हा सहसा काहीतरी बिघडवतो. मी दुरुस्त करून चुकलो. मग उत्साहाच्या भरात आणखी तीन प्रिंटर कायमचे दुरुस्त केले, म्हणजे तीच चूक चारदा केली, आणि त्याबद्दल सोसायटीच्या वार्षिक सभेत लोकांनी टाळ्याही वाजवल्या. टाळ्या वाजवल्या नाहीत ते फक्त शिरसाटकाकांनी. त्यांना वाजवता आल्या नसत्या. त्यांच्या हातात मी दिलेला नारळ होता.

शिरसाटकाका आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. कोपरीतला जन्म, कोपरीतच म्हातारपण. ठाणे पूर्वेला ज्यांना सगळे ओळखतात पण ज्यांच्या घरी कोणी जात नाही, अशांपैकी एक. त्यांची एक सवय आधी सांगतो, कारण बाकीचे काका त्या सवयीतूनच निघालेत. समोरचं दार सताड उघडं असलं तरी काका आत पाऊल टाकत नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहतात आणि विचारतात, "परवानगी आहे?" आतून "या" असा शब्द आला तरच येतात. एकदा माझी बायको अंघोळीला गेलेली आणि मी सोफ्यावर झोपलेलो. काका बाहेर तब्बल वीस मिनिटं उभे.

"अहो काका, दार उघडंच होतं की!"

"दार उघडं असणं वेगळं, सेक्रेटरी. या म्हणणं वेगळं. आमच्या कंपनीचं गेटही दिवसभर उघडं असायचं."

ती कंपनी वागळे इस्टेटमध्ये होती. तिच्या गेटवरच्या टाइम ऑफिसात काकांनी एकतीस वर्षं पास तपासले. कामगाराचा पास, ट्रकचा पास, पाहुण्याचा पास, आणि दुपारी डबा घेऊन येणाऱ्या बाईच्या डब्याचाही पास. मालकाच्या जावयाला पास नाही म्हणून त्यांनी उन्हात अर्धा तास उभं केलं होतं. जावयाने आत गेल्यागेल्या तक्रार केली, तर मालक म्हणाले, "तुम्ही सुटलात लवकर. मला गेल्या महिन्यात पाऊण तास ठेवलेलं."

कंपनी बंद झाली तेव्हा भंगारात निघालेले चार छोटे प्रिंटर काकांनी मागून घेतले. गेटपासची चिठ्ठी छापतात ते, हातात मावतील एवढे. जुने कम्प्युटर लोक टाकूनच देतात. तेही काकांनी गोळा केले आणि त्यांच्यात लिनक्स टाकलं. लिनक्स ही कम्प्युटर चालवणारी एक फुकट मिळणारी प्रणाली. तिच्यात प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक यंत्राला एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरतात ते 'इतर'. कोणी बघायचं, कोणी हात लावायचा, हे तिघांसाठी वेगळं लिहून ठेवलेलं असतं. काकांनी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांना वाटलं म्हणे, की हे ज्याने बनवलं तो नक्की कुठल्यातरी टाइम ऑफिसात बसलेला असणार.

मग काकांनी चार प्रिंटर कोपरीच्या सेवेला लावले. एक आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, पाहुण्यांचे पास छापायला. अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या सोसायटीला पाहुण्यांचा पास कशाला लागतो, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. एक बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत, मुलांना बसायची जागा नेमून द्यायला. एक पिठाच्या गिरणीत, डब्यांचे नंबर छापायला. आणि एक पुलापलीकडे, टेंभी नाक्याजवळच्या दाताच्या डॉक्टरकडे, दुखणाऱ्यांचे नंबर छापायला. चिठ्ठी छापणारा प्रोग्रामही काकांनीच लिहिलेला. त्यात वर ठळक अक्षरात यायचं: 'प्रवेशपत्र'. गव्हाच्या डब्यालासुद्धा.

आता या प्रिंटरांना एक रोग होता. यूएसबीची केबल निघाली आणि परत लावली, की ते छापायचे बंद. आमच्याकडे केबल काढायचा आमचा वॉचमन यादव. त्याला त्या जागी मोबाइल चार्ज करायचा असायचा. आठवड्यातून एकदा तरी तो माझ्याकडे येऊन सांगायचा, "साहब, प्रिंटर रूठ गया." मग मी काकांना फोन करायचो.

काका यायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. ऑफिसच्या दाराशी परवानगी. मग खुर्ची, मग चष्मा पुसणं, मग कीबोर्ड पुसणं, मग दोन बोटांनी एक कमांड, आणि पडद्यावर जी अक्षरं उमटतील ती मोठ्याने वाचणं.

"सी. आर, डब्ल्यू, आडवी रेघ. आर, डब्ल्यू, आडवी रेघ. आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. "सेक्रेटरी, प्रिंटर उत्तम आहे. कागद उत्तम आहे. तुम्ही बाहेरचे आहात."

"म्हणजे?"

"मालकाला वाचायची, लिहायची परवानगी. गटाला वाचायची, लिहायची परवानगी. शेवटच्या तीन रेघा दिसतात ना, त्या म्हणजे तुम्ही."

यादव खो खो हसायचा. "साहब तीन लकीर!"

"तू पण त्याच्यातच रे," काका त्याला सांगायचे. "हसू नकोस."

मग आणखी एक कमांड. रेघांच्या जागी अक्षरं यायची, प्रिंटर खटखट करून एक प्रवेशपत्र बाहेर टाकायचा. एकूण काम दोन मिनिटांचं. काका बसायचे दीड तास. चहा व्हायचा, दुसरा चहा व्हायचा. कोणत्या पाळीत किती कामगार होते, कोणाचा डबा बाईने उलटा आणला, कोण खोटा पास घेऊन आला आणि त्याच्या चपलेवरून कसा पकडला, हे सगळं व्हायचं. मी मधूनमधून घड्याळ बघायचो. काकांच्या ते लक्षात यायचं नाही, असं मला वाटायचं.

एका रविवारी ते गेल्यावर मी ठरवलं की बास. मी काही अगदीच तीन रेघा नाही. दुपारभर इंटरनेटवर वाचत बसलो, तेव्हा कळलं की रोग साधा आहे. केबल काढली की कम्प्युटर दिलेली परवानगी विसरतो. लावली की पहिल्यापासून सुरू. पण एका ठराविक फाइलमध्ये नियमाची एक ओळ लिहून ठेवली, की तो केबल लावताक्षणी स्वतःच परवानगी देतो. कायमची.

कम्प्युटरचा मुख्य पासवर्ड काकांनीच पाकिटात घालून कपाटात ठेवलेला होता. पाकिटावर लिहिलेलं: 'निकडीच्या प्रसंगीच उघडावे.' माझ्या रविवारापेक्षा निकड ती कसली? मी पाकीट फोडलं आणि ती फाइल उघडली.

बघतो तर काय, ओळ आधीच लिहिलेली! जशी इंटरनेटवर होती तशीच, प्रिंटरच्या नंबरासकट. फक्त तिच्या सुरुवातीला हॅशची खूण होती. फोनच्या बटणांवर चौकटीसारखी असते ती. ही खूण ओळीच्या आधी टाकली, की कम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. ओळ असते, पण झोपलेली.

मी मोठ्याने हसलो. काकांनी एवढी सगळी मेहनत केली आणि खूण काढायला विसरले! मी खूण काढली. केबल काढली, लावली. खटखट. प्रवेशपत्र. पुन्हा काढली, पुन्हा लावली. खटखट. यादवला बोलावून त्याच्याकडून काढवली, लाववली. तो म्हणाला, "अब नहीं रूठेगा?" मी म्हणालो, कधीच नाही.

मग मी विहारात गेलो. तिथेही तसंच पाकीट, आणि कम्प्युटरमध्येही तीच ओळ, तीच खूण. गिरणीत पिठाने पांढऱ्या झालेल्या कम्प्युटरमध्ये तीच ओळ, तीच खूण. डॉक्टरकडे तेच. चारही ठिकाणी मी खूण काढली आणि चारही ठिकाणी मनात म्हणालो, वय झालं बिचाऱ्यांचं.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा होती. मी जाहीर केलं की आता प्रिंटरसाठी काकांना जिने चढउतार करायला नको, त्यांनी आजवर केलेल्या सेवेबद्दल सोसायटी त्यांचा सत्कार करत आहे. शाल घातली. नारळ दिला. लोकांना पोहे खायची घाई होती म्हणून टाळ्या जोरात झाल्या. काकांनी शाल सारखी केली, नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाले, "बरं. म्हणजे पास जमा करायचा."

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी.

त्यानंतर काका दिसायचे, पण कसे दिसायचे हे सांगतो. एकदा मी गिरणीत गेलो, तर बाकावर काका. मांडीवर पिशवी. पिशवीत अर्धा किलो गहू. अर्धा किलो गहू कोणी दळायला आणत नाही. हातात नंबराची चिठ्ठी धरून ती वाचत बसले होते. गिरणीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, काय काम केलंत! आता चिठ्ठी कशी फटाफट येते. काकांना एकदा पण बोलवायला लागलं नाही. काय काका?"

"दिसतंय," काका म्हणाले. त्यांचा नंबर आला तेव्हा ते उठले नाहीत. मागच्या बाईला म्हणाले, "तुम्ही घ्या. मला घाई नाही."

विहारात रविवारी वंदनेला यायचे, संपल्यावर अभ्यासिकेच्या दाराशी थोडा वेळ थांबायचे आणि निघून जायचे. मुलं आत वाचत असायची. या म्हणायला कोणाला सुचायचं नाही, कारण दार उघडंच असायचं.

मग एके दिवशी गेटवर मला सुजाता भेटली. काकांची मुलगी, कल्याणला असते, तिथल्या एका शाळेत शिकवते. हातात पुठ्ठ्याची रिकामी खोकी.

"काका, तुमचे आभारच मानायचे होते," ती मला म्हणाली. मीही कोणाचातरी काका आहे, हे मी विसरतो. "बाबा एकदाचे कल्याणला यायला तयार झाले. आई गेल्यापासून मागे लागलेय. दर वेळी एकच उत्तर, माझ्याकडे चार प्रिंटर आहेत गं, त्यांना कोण बघणार? आता परवा स्वतःच म्हणाले, चल, इथे काही राहिलं नाही. तुम्ही ते कायमचं करून टाकलंत म्हणून झालं."

"तिथे त्यांना बरं वाटेल ना?"

"आम्ही दोघं सातला बाहेर पडतो, यायला आठ होतात. अकरावा मजला आहे. टीव्ही आहे मोठा. पण निदान रात्री तरी कोणीतरी असेल ना हो. इथे पडले-बिडले तर मला कळणार कधी?" तिने खोकी सावरली. "पुढच्या रविवारी टेम्पो सांगितलाय."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिचा आणि कम्प्युटरचा संबंध धूळ पुसण्यापुरता. ती मेथी निवडत होती.

"ती खूण म्हणजे काय असते?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"आणि ती चारही ठिकाणी होती?"

"चारही. विसरले बघ."

तिने मेथी खाली ठेवली. "अहो, एकतीस वर्षं ज्याने एक पास चुकवला नाही, तो चार ठिकाणी एकच गोष्ट विसरेल? आणि तुम्ही भर सभेत त्यांना नारळ दिलात!"

काही गोष्टी कळायला मला लिनक्स नाही, मेथी निवडणारं माणूस लागतं.

संध्याकाळी मी बी विंगमध्ये गेलो. दार उघडं होतं. पहिल्यांदाच मी उंबऱ्याबाहेर थांबलो. आतून आवाज आला, "या, सेक्रेटरी."

भिंतीला लागून खोकी. एका खोक्यावर 'पुस्तके', एकावर 'भांडी, निवडक' असं लिहिलेलं. काका कम्प्युटरसमोर बसले होते. म्हणाले, हा विहाराला देऊन टाकतोय, म्हणून आतली घरच्यांची नावं काढून टाकत होतो.

"सुजाताचं काढलं. ती इथे नसतेच. माझं शेवटी काढीन." पडद्यावर एक कमांड लिहून तयार होती. शेवटी नाव होतं, कमल. काकांचं बोट बटणापासून वीतभर लांब, टेबलावर.

"काकू कम्प्युटर वापरायच्या?" मी विचारलं.

"कधीच नाही. म्हणायची, मला कशाला हवं ते? मी म्हटलं, असू दे, गटात नाव असू दे. घरच्या माणसाला गेटवर थांबायला लागू नये." ते पडद्याकडे बघत राहिले. "चार वर्षं झाली. काढायला पाहिजे. नियमाने काढायलाच पाहिजे."

त्यांनी काढलं नाही. कमांड तशीच ठेवून पडदा बंद केला आणि मला विचारलं, "तुमचा प्रिंटर चांगला चाललाय?"

मला माफी मागायची होती. मी मोठमोठ्या सभांत शोकप्रस्ताव वाचलेले आहेत. पण तोंडातून निघालं, "हो, एकदम मस्त."

"छान," काका म्हणाले. "कल्याणला कम्प्युटर ठेवायला जागा नाही. टीव्ही मोठा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेलो. फाइल उघडली. ओळीच्या आधी हॅशची खूण होती तशी परत टाकली, फाइल जतन केली, आणि कोणी बघत नाही ना ते बघितलं. यादव बघत होता. मी त्याला गप्प राहायची खूण केली आणि काकांना फोन लावला.

"काका, प्रिंटर बंद पडलाय."

"असं कसं? कायमचा केलाय ना तुम्ही?"

"कायमचा होता. आता नाही."

दहा मिनिटांत काका आले. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं. खुर्चीत बसले, चष्मा पुसला, कीबोर्ड पुसला. मग काहीच न वाचता सरळ छापायचं बटण दाबलं.

खटखट. प्रवेशपत्र.

काकांनी चिठ्ठी फाडून माझ्यासमोर ठेवली. मी चिठ्ठीकडे बघितलं. प्रिंटरकडे बघितलं. "मघाशी बंद होता," मी म्हणालो. यादव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

काकांनी फाइल उघडली. बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत होते. मग चष्मा काढून विचारलं, "ही खूण कोणी टाकली?"

"मी."

"आज?"

"आज."

"का?"

मी म्हणालो, "यादवला तुमच्याशिवाय करमत नाही."

"हां साहब," यादव भिंतीला म्हणाला.

काका खाली वाकले, गुडघ्यावर हात टेकून, आणि कम्प्युटरच्या मागची प्रिंटरची केबल काढली. दोनतीन क्षण थांबले. परत लावली. वर येऊन छापायचं बटण दाबलं. प्रिंटर गप्प. पुन्हा दाबलं. गप्प.

"एकदा आत सोडलेला माणूस आतच असतो," ते म्हणाले. "नियम बदलला म्हणून कोणी त्याला बाहेर काढत नाही. केबल निघाल्याशिवाय पास परत तपासत नाहीत." मग खुर्चीत मागे टेकले. "आता बंद पडला."

"आता दुरुस्त करता का?"

"बघू. चहा तर येऊ दे."

यादव चहा सांगायला धावला. काकांनी खिशातून फोन काढला आणि सुजाताला लावला. "सुजाता, टेम्पोला नको म्हणून सांग. हो गं, कळतंय मला. रोज रात्री फोन करीन, तू कर, मी करीन, दोघं करू. पण इथे प्रिंटर बंद पडलाय. नाही, एकच नाही. संध्याकाळपर्यंत चारही पडतील असं दिसतंय."

फोन ठेवून ते उठले आणि शर्टाची घडी सारखी केली. मी घाईघाईने म्हणालो, "काका, तुम्ही कशाला? गिरणीत, विहारात, डॉक्टरकडे, तिन्हीकडे मी जाऊन येतो. आता केबलचं कळलं मला."

"तुम्ही इथून हलू नका," काका म्हणाले. "चांगला चालता प्रिंटर धड बंद पाडता येत नाही तुम्हाला, आणि सोसायटी चालवताय!"